पाण्याखालची हद्द

आपण मूर्ख आहोत हे लोकांना पटवून देणं सोपं असतं, असं ज्याला वाटतं त्यानं महसूल खात्यात नोकरी केलेली नसावी. मी तीस वर्षं केली. आधी तलाठी, मग मंडळ अधिकारी, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'सर्कल'. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या बाहेर फारसा गेलो नाही. या तीस वर्षांत लहानमोठ्या चुका पुष्कळ केल्या. पण त्यांतली एकही चूक कुणी चूक म्हणून मान्य केली नाही. दर वेळी लोक माना हलवून म्हणाले, "ह्याच्यामागं कायतरी हाय."

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "एका गाढवपणाची लिहितो." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "का? हेच का लिहायचंय?" म्हणजे त्यांनाही शंका आलीच.

आमचं रोजचं काम सातबारा, फेरफार, पंचनामे. ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की आमच्या गळ्यात एक वेगळं काम पडायचं, प्रभाग रचना. बाहेरच्या माणसाला हे नाव मोठं वाटतं, म्हणून साध्या शब्दांत सांगतो. समजा गावात नऊ सदस्य निवडायचे आहेत. मग गावाचे तीन तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यातून तीन सदस्य घ्यायचे. तुकड्यांत माणसं साधारण सारखी हवीत. सुरुवात गावाच्या उत्तरेकडून करायची, नागमोडी फिरत दक्षिणेला संपवायचं. हद्द म्हणून डोळ्यांना दिसेल असं काहीतरी धरायचं: रस्ता, ओढा, कालवा, बांध. मग मसुदा पंचायतीच्या फळ्यावर लावायचा, लोकांच्या हरकती घ्यायच्या, प्रांतांपुढं, म्हणजे प्रांताधिकाऱ्यांपुढं, सुनावणी व्हायची आणि मग रचना कायम. भूमितीत जेमतेम पास झालेल्या माणसालाही हे जमावं. मी जेमतेमच पास झालो होतो.

पण रेष कुठून जाते यावर पाच वर्षांचा कारभार ठरतो. एखादी वस्ती एका तुकड्यात सलग ठेवली तर तिचा माणूस पंचायतीत बसतो. तीच वस्ती मधून चिरली, की निम्मी इकडं, निम्मी तिकडं, आणि दोन्हीकडं दुसऱ्याच्या मागं हात जोडून उभी. कुणाचं मत काढून घेतलं नाही, कुणाला दमदाटी केली नाही. नुसती पेन्सिल फिरली.

आणि पेन्सिल माझ्या हातात असायची. त्यामुळं मी गावात शिरलो की गाव माझ्याकडं संशयानं बघायचं, आणि मी गावाकडं. अंथुर्ण्याच्या बाजूच्या एका वाडीत मी गल्लीच्या मधून हद्द धरली होती. घराचं तोंड ज्या बाजूला, ते घर त्या प्रभागात. आठ दिवसांनी परत गेलो तर एका गृहस्थांनी पुढचं दार विटांनी बुजवून मागच्या भिंतीत नवं दार पाडलं होतं. वर आंब्याच्या पानांचं तोरण. म्हणाले, "वास्तुदोष हुता, सायेब." बारामतीकडं आरक्षणाची सोडत होती, तर एक निवृत्त मास्तर पट्टी घेऊन आले आणि डब्यातली प्रत्येक चिठ्ठी त्यांनी मोजली. सगळ्या सारख्या भरल्या. तेव्हा ते जास्तच चिंतेत पडले. "एवढ्या सारख्या कशा काय?" म्हणाले.

अशा हवेत काम करायचं म्हणून आमच्या एका जुन्या अव्वल कारकुनांनी मला मंत्र दिला होता. "रचनेला गावात जाशील तेव्हा कुणालाही काही विचारायचं नाही. पाण्याचा तांब्या देणारासुद्धा आपल्या सोयीची वाट दाखवतो. डोळे उघडे ठेव, कान घरी ठेव." मी हा मंत्र इतका मनापासून पाळला की त्याचंच हे सगळं झालं.

गावाचं नाव देत नाही. दिलं तर कुणीतरी त्यावरही हरकत घेईल. पळसदेवपासून फार लांब नाही, एवढं पुरे. उजनीच्या पाण्यानं जुनं गाव पोटात घेतलं आणि लोक वर माळावर येऊन राहिले, अशा गावांपैकी एक. वर उसाची रानं, मोटारी, कारखान्याचे सभासद. खाली पाण्याच्या अंगाला मासेमारी करणाऱ्यांची वस्ती. तिला गावात 'खालची वस्ती' म्हणायचे. वरचा डांबरी रस्ता उसाच्या शेवटच्या बांधापाशी संपायचा. तिथून वस्ती चारशे पावलं. त्या चारशे पावलांत पावसाळ्यात गुडघाभर चिखल. दवाखान्याची गाडी वर बांधाला थांबायची आणि दुखणाईत माणूस झोळीतून वर न्यावा लागायचा. दर निवडणुकीला रस्त्याचं वचन मिळायचं. वस्तीचा आपला माणूस पंचायतीत कधीच नव्हता, म्हणून वचन वरच राहायचं, रस्ता खाली यायचा नाही. त्या वर्षी वस्तीनं ठरवलं होतं की आपलं माणूस उभं करायचं. अर्थात हे मला मागाहून कळलं, कारण माझे कान घरी होते.

मी इंदापूरकडं नुकताच बदलून आलो होतो. उमेदीची सगळी वर्षं बारामतीच्या कालव्यावर गेलेली. कालव्याचं पाणी शहाणं असतं, दोन भिंतींच्या मधून चालतं. धरणाच्या फुगवट्याचं पाणी कसं वागतं याची मला सवय नव्हती. मे महिन्याचं ऊन, डोक्यावर टोपी, हातात नकाशा, मागं तलाठी गव्हाणे घरांची यादी घेऊन. फिरत फिरत आम्ही खाली आलो आणि मला एक झकास रस्ता दिसला. रुंद, उंच, दोन्ही कडांना दगड लावलेले, एका जागी मैलाचा दगडसुद्धा. त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचे ताजे माग. गावात वर इतका सरळ रस्ता नव्हता. मला इतका आनंद झाला की मी तिथंच नकाशा उघडला. नकाशात त्या जागी निळं दिसत होतं. मी म्हटलं, नकाशा जुना असेल. म्हणजे बघा, मी नकाशावरही संशय घेतला, फक्त स्वतःवर घेतला नाही.

पळसदेवला पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं. ते बघायला लांबलांबून माणसं येतात. मीही गेलो होतो, बायकोचे देवळापुढं फोटो काढले होते. पाण्यातून देऊळ वर येतं, तर जुन्या गावाचा रस्ताही वर येत असेल, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात यायला हवा होता. आला नाही.

रस्त्याच्या वरच्या अंगाला वस्तीची पक्की घरं होती. खालच्या अंगाला, पाण्याजवळ, पत्र्याची नि बांबूची खोपटं. तिथं होड्या, जाळी, चुली, आणि निम्मी माणसं. उन्हाळ्यात पाणी खाली सरकतं तशी ही माणसंही पाण्यामागं खाली सरकतात, आणि पाणी चढलं की खोपटं मोडून वर येतात. मला दिसल्या त्या मात्र दोन वेगळ्या वस्त्या. मधे रस्ता. मी गव्हाणेला म्हटलं, "रस्त्याच्या वरची घरं प्रभाग दोन. खालची प्रभाग तीन." गव्हाणे खडूनं घरांवर आकडे टाकत राहिला.

एका खोपटापुढं पंचेचाळिशीची एक बाई फाटलेलं जाळं सांधत बसली होती. वस्तीत तिला यमुनाक्का म्हणायचे. तिनं वर न बघता विचारलं, "कशाचं माप चाललंय, सायेब?"

"शासकीय काम आहे."

"त्ये कळलं. बिनकामाचं एवढ्या उनात कोन हिंडतंय! पर ह्या रस्त्यावरनं रेघ मारताय व्हय?"

मी सावध झालो. हिला रेघेचं काय पडलंय? मी म्हटलं, "मसुदा लागेल तेव्हा कळेल."

"तवा कळून काय उपेग? माजं ऐका. ह्यो रस्ता ऱ्हात न्हाय."

झालं. मंत्र आठवला. ही बाई मला या रस्त्यावरून हटवू बघतेय, म्हणजे हिला दुसरीकडं कुठंतरी हद्द हवी आहे. ती पुढं काहीतरी सांगणार होती, पण मी हात वर केला. "हरकत असेल तर लेखी द्या, बाई."

तिनं गव्हाणेकडं बघितलं. गव्हाणेनं आभाळाकडं बघितलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"बरं," ती म्हणाली, "मग तुमीच लिव्हा तुमच्या वहीत. यमुनानं सांगितलं हुतं म्हून."

मी लिहिलं. पण माझ्या पद्धतीनं लिहिलं. माझ्या दैनंदिनीतली ती ओळ मला अजून तोंडपाठ आहे: 'सदर ठिकाणी यमुना नावाच्या स्थानिक महिलेने हद्दीबाबत समितीची दिशाभूल करण्याचा प्रयत्न केला. समितीने त्याकडे दुर्लक्ष केले.' समिती म्हणजे मी आणि गव्हाणे.

मसुदा फळ्यावर लागला आणि दुसऱ्या दिवशी रंगनाथतात्या घरी आले. तात्या म्हणजे गावचे माजी सरपंच, मोठे बागायतदार, हसताना एकच डोळा हसणारे. खालची वस्ती तात्यांना कधी मत देत नसे. त्यांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "सर्कलसायेब, मानलं तुमाला."

"काय झालं?"

"आता आमच्यापुढं नका हो! वस्ती अशी चिरली की सुरी दिसली न्हाय. आमी चार वर्सं डोस्कं खाजवतुया, तुमी दोन घंट्यात केलं."

"तात्या, मी रस्ता बघून हद्द धरली."

"व्हय, व्हय, रस्ता!" तात्यांना हसू आवरेना. "आसंच म्हनायचं. कुनी बी इचारलं तरी आसंच म्हनायचं."

ते का हसले हे मला कळलं नाही. संध्याकाळी त्यांचा गडी डाळिंबाची पेटी ठेवून गेला. मी ती गव्हाणेच्या हातून परत पाठवली. दुसऱ्या दिवशी दोन पेट्या आल्या. एकीवर मी नाराज आहे, असं तात्यांना वाटलं असावं. त्याही परत धाडल्या. तोवर आमच्या सौभाग्यवतींचा चेहरा बदलला होता.

"अहो, खरं सांगा, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. प्रभाग केले."

"नीट केले असते तर लोकांनी शिव्या दिल्या असत्या. डाळिंबं कशी काय दिली?"

तीस वर्षांत माझ्या कामाची इतकी अचूक तपासणी कुठल्याच वरिष्ठानं केली नाही.

तात्यांच्या विरोधातल्या मंडळींनी पाराखाली जाहीर केलं की सर्कल विकला गेला. खालच्या वस्तीला वाटलं, सर्कल दोघांनाही विकला गेला. मग हरकती यायला लागल्या. त्या घ्यायला मी कचेरीत बसलो होतो, तेव्हा यमुनाक्का एसटीनं आली. पिशवीतून कागद काढला, माझ्यापुढं ठेवला, पोच मागितली. पोचेवर शिक्का नीट उठला नव्हता, म्हणून दुसरा मारून घेतला. मग म्हणाली, "लेखी मागितलं हुतं न्हवं? घ्या."

तीन ओळी होत्या. 'सदर हद्दीचा रस्ता जुन्या गावाचा असून तो उन्हाळ्याचे दोन महिने सोडून बाकी वर्षभर पाण्याखाली असतो. तो पाण्यात गेल्यावर खालची घरे वर येतात. एका कुटुंबाची माणसे दोन प्रभागांत गेली आहेत.' मी वाचलं. परत वाचलं. ती गेल्यावर मी गव्हाणेला बाजूला घेतलं.

"गव्हाणे, तो रस्ता पाण्यात जातो?"

"जातो की."

"तुला माहीत होतं?"

"आवो सायेब, मी तितं तीन वर्सं तलाठी हाय."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं इकडं तिकडं बघितलं. "मला वाटलं, तुमाला वरनं सांगितलंय. एवढं धडधडीत चुकीचं कोन आपल्या मनानं करतंय व्हय? म्हनलं, ह्यात कायतरी खोल असंल."

"खोल आहेच ना. दोन पुरुष पाणी चढतं!"

"आनि ग्रामसेवकाला वाटलं, तुमचं नि तात्यांचं ठरलंय. मग त्यो बी गप ऱ्हायला."

मी कुणालाही काही विचारलं नाही, कारण माझा कुणावर विश्वास नव्हता. मला कुणी काही सांगितलं नाही, कारण त्यांचा माझ्या मूर्खपणावर विश्वास बसत नव्हता. आणि जिनं सांगितलं तिचं नाव मी दैनंदिनीत आरोपीसारखं लिहून ठेवलं होतं.

प्रांत मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या. कागद वाचताना पेन्सिल कानामागं ठेवायच्या. त्यांनी सगळ्या हरकती वाचल्या आणि म्हणाल्या, "ऐकून कळणार नाही. जागेवर जाऊ." तारीख पडली ती श्रावणातली. तोवर वर मावळात पाऊस कोसळला होता. आमच्याकडं पावसाचा पत्ता नसतो, पण वरची धरणं भरली की उजनी चढते. मी रोज घरून फोन करून गव्हाणेला विचारायचो, "कुठवर आलंय?" एखाद्या आजाऱ्याचा ताप विचारावा तसा. "मैलाचा दगड गेला, सायेब," एक दिवस तो म्हणाला. पाण्यानं असं माझ्यावर हळूहळू चढत येणं मी आयुष्यात परत अनुभवलं नाही.

पाहणीच्या दिवशी अख्खं गाव काठावर. प्रांत मॅडमनी नकाशा उघडला. "सर्कल, प्रभाग दोन आणि तीनची हद्द दाखवा."

मी बोट केलं. समोर अथांग निळं पाणी. दोन बगळे.

"कुठं?"

"मॅडम... आत आहे."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी यमुनाक्काला विचारलं, "होडी आहे?"

होडीत मॅडम, मी, गव्हाणे आणि तात्या बसलो. तात्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना सोडून होडी हलली असती तर होडीवरही संशय आला असता. यमुनाक्का उभी राहून बांबूनं होडी ढकलत होती. काठापासून थोडं आत गेल्यावर तिनं बांबू सरळ खाली सोडला. टक्क आवाज झाला. थोडं पुढं जाऊन परत. टक्क.

"ही बगा सर्कलसायबाची हद्द," ती म्हणाली. "हितनं वर परभाग दोन. हितनं खाली परभाग तीन. तिकडच्या परभागात आत्ता चिलापी मासं हायेत. मतं देत असतील तर बगा."

तात्या लगेच सरसावले. "मॅडम, पान्याखाली गेली म्हून काय झालं? रस्ता हाय न्हवं जाग्यावर? वाजला की टक्क. सरकारी हद्द वल्ली झाली म्हून बदलती व्हय?"

तीस वर्षांत मी पुष्कळ युक्तिवाद ऐकले, पण त्या तोडीचा दुसरा नाही.

काठावर आल्यावर मॅडमनी माझी दैनंदिनी मागितली. मी ती आणली नाही असं सांगणार होतो, पण ती माझ्या बगलेतच होती. त्यांनी ते पान काढलं आणि सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचलं. दिशाभूल करण्याचा प्रयत्न केला. समितीने त्याकडे दुर्लक्ष केले. यमुनाक्कानं बांबू खाली ठेवला. तिच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

"यांनी तुम्हाला नेमकं काय सांगितलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"हा रस्ता राहत नाही, म्हणाल्या."

"आणि तुम्ही दिशाभूल लिहिलंत. का?"

गावाकडून आयुष्यभर ऐकलेलं वाक्यच माझ्या तोंडून निघालं. "मला वाटलं, यामागं काहीतरी आहे."

मग मी सगळ्या गावापुढं कबूल केलं. मला कुणी काही दिलं नाही, कुणी सांगितलं नाही, मला फुगवट्याचं पाणी कळत नाही, मी गाढवपणा केला. इतकं स्वच्छ मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. त्याचा परिणाम असा झाला की मागं दोन म्हातारे एकमेकांशी बोलताना मी माझ्या कानांनी ऐकलं. "लई मुरलेला हाय ह्यो." "व्हय तर. येड्याचं सोंग कसं घेतलंय बग."

वरच्या कचेरीनं मला कारणे दाखवा नोटीस दिली. मी खुलाशात लिहिलं, 'अज्ञानामुळे झाले.' खुलासा परत आला. 'समाधानकारक वाटत नाही.' मी परत लिहिलं, 'पूर्ण अज्ञानामुळे झाले.' एक वेतनवाढ अडकली. ती अडकल्यावर तात्यांच्या विरोधकांना थोडं समाधान वाटलं. तात्यांची खात्री मात्र ढळली नाही. ते म्हणायचे, "सायबानं आमच्यासाठी सोसलं."

मॅडमनी हद्द वर उसाच्या बांधावर नेली. खालची वस्ती, पक्की घरं आणि खोपटं मिळून, सगळी एका प्रभागात आली. यमुनाक्कानं अर्ज भरला.

आणि इथं माझ्या त्या ओळीनं पुन्हा डोकं वर काढलं. तात्यांनी माहितीच्या अधिकारात माझ्या दैनंदिनीची नक्कल मिळवली आणि चौकात फ्लेक्स लावला. मोठ्या अक्षरांत, 'शासनाची दिशाभूल करणाऱ्यांना मत देणार का?' खाली माझी ओळ, माझ्या सहीसकट. मी तो फ्लेक्स गाडीवरून जाताना पाहिला आणि गाडी तशीच पुढं नेली. थांबलो नाही. थांबून खरं सांगितलं तर मी पांघरूण घातलं असं म्हणतील, यमुनाक्काला साथ दिली असं म्हणतील, काय म्हणतील याचा विचार करत दोन किलोमीटर गेलो. चुकीबद्दल नाही, त्या न थांबण्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. एक माणूस सरकारी कागदानं खोटा ठरवला जात होता, आणि कागद माझा होता.

पुढचं गव्हाणेनं सांगितलं. वस्तीतसुद्धा कुजबुज सुरू झाली होती. सर्कलच्या वहीत हिचंच नाव कसं? हिचं नि त्याचं काय बोलणं झालं होतं? आमच्याकडं एकदा कागदावर नाव चढलं की ते का चढलं हे कुणी विचारत नाही. दोन घरं तिच्यापासून फुटली. तेव्हा बाजाराच्या दिवशी यमुनाक्का चौकात त्या फ्लेक्सखाली जाऊन उभी राहिली. भाषण वगैरे काही नाही. मासळीची पाटी डोक्यावरून उतरवली आणि म्हणाली, "व्हय, म्या सायबाची दिशाभूल केली. म्या म्हनलं, रस्ता पान्यात जातोय. आता समदी मिळून सांगा, रस्ता कुठं हाय?"

चौकातल्या एकानं म्हटलं, "पान्यात."

"मग कुनाची दिशा भुलली?"

लोक हसले. तात्यांची माणसंसुद्धा हसली, असं गव्हाणे म्हणतो. दुसऱ्या दिवशी तात्यांनी फ्लेक्स उतरवला. पण लोकांच्या मनातून तो आधीच उतरला होता. यमुनाक्का निवडून आली. मताधिक्य इतकं थोडं की फुटलेली दोन घरं आणि त्यांचे पाहुणे परत आले नसते, तर ती पडली असती. म्हणजे माझी ओळ जवळजवळ जिंकली होती.

निवृत्त झाल्यावर एकदा मी तिकडं गेलो. मोटारसायकलवरून बांधापाशी आलो आणि सवयीनं थांबलो. पुढं सिमेंटचा रस्ता होता. अरुंद, पण खालपर्यंत. चारशे पावलं मी चालत मोजली, गाडी असून. कंत्राटदारावर संशय, दुसरं काय! चारशे सहा भरली.

यमुनाक्का पंचायतीतून नुकतीच आली होती आणि परत जाळ्याला बसली होती. तिनं चहा केला. मी बराच वेळ पाण्याबद्दल, माशांच्या भावाबद्दल बोललो. मग म्हटलं, "आक्का, ते वहीतलं... माझं चुकलं. माफ करा."

"तोंडी?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तवा तर लेखी मागत हुता. आता तोंडी चालतंय व्हय?" तिनं सुतळीची गाठ दातानं ओढली. "लिव्हल्यालं तोंडानं जात न्हाय, सायेब. त्येच्याखाली लिव्हा. माजी नात शाळंत जाती. उद्या त्यो कागद तिच्या हाती लागला, तर तिला काय कळनार, खोटी कोन ते?"

मी समजावून सांगितलं की दैनंदिनी दप्तरात जमा झाली, मी आता नोकरीत नाही, जुन्या पानावर नवी नोंद घालता येत नाही, घातली तर तो गुन्हा होईल. तिनं सगळं ऐकून घेतलं. "मग दुसरीकडं कुठंबी लिव्हा. पर लिव्हा." एवढंच.

घरी येताना मला दुसरी एक गोष्ट टोचत राहिली. इथं पाणी चढलं म्हणून माझी चूक दिसली. ज्या गावांत पाणी चढत नाही, तिथं मी ओढलेल्या रेषा अजून तशाच असतील, आणि त्यांच्या अलीकडं पलीकडं कुणीतरी हात जोडून उभं असेल. त्यांनीही मला तेव्हा काहीतरी सांगितलं असेल. माझे कान घरी होते.

हा लेख छापून आल्यावर तात्या नक्की विचारणार, "सर्कलला ह्यात काय मिळालं?" तात्या, काहीही मिळालं नाही. तरी तुमचा विश्वास बसणार नाही, हेही मला ठाऊक आहे. पण आक्कानं 'कुठंबी' म्हटलं होतं, आणि मला जागा मिळाली ती ही. म्हणून दैनंदिनीतल्या त्या ओळीखाली जे लिहायचं राहून गेलं, ते इथं लिहितो:

'सदर ठिकाणी यमुना या स्थानिक महिलेने समितीस खरी माहिती दिली होती. समितीने ऐकून घेतली नाही. समितीची दिशाभूल झाली ती समितीनेच केली. सदर रस्ता राहत नाही, असे सदर महिलेने स्पष्ट सांगितले होते. तो राहिला नाही.'